दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं आणि दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लागली

पत्र थोडक्यात: पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात बीके, म्हणजे बुक-कीपिंग शिकवणाऱ्या मॅडमचं पत्र आहे, वय चाळिशीच्या जरा अलीकडे. ‘तुमच्याशी पोरं बोलतात’ म्हणून कॉलेजने मागच्या वर्षी त्यांना विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. त्या परत आल्या तोवर स्टेशनरीच्या जुन्या खोलीला समुपदेशन कक्षाची पाटी लागली होती. आता पोरं येतात, रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजही येतात, पण लेक्चर एकही कमी झालेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी बारावीतल्या सतरा वर्षांच्या एका मुलीने बाही वर करून हातावरच्या जखमा दाखवल्या, स्वतःच करून घेतलेल्या, आणि ‘घरी सांगायचं नाही’ असं वचन घेतलं. मॅडमनी ते दिलं. मुलगी अजून दर आठवड्याला येते, मॅडमना मात्र झोप लागत नाही. त्यात प्रिन्सिपल म्हणतात की येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि कारण रजिस्टरमध्ये लिहा. त्यांचे प्रश्न असे: वचन मोडू का? वर्षभराचा ऑनलाइन काउन्सेलिंग डिप्लोमा केला तर ही भीती जाईल का? की हे कामच सोडून देऊ, आणि सोडलं तर पोरांना वाऱ्यावर सोडलं असं होईल का?

मॅडम, नमस्कार.

तुमच्या प्रश्नांपैकी एक आजचा आहे, बाकीचे आठवडाभराने सुटले तरी चालतील असे आहेत. म्हणून डिप्लोमाचं नंतर, आधी त्या मुलीचं बोलू.

वचन मोडायचंय, हो. पण तिच्या पाठीमागे मोडायचं नाहीये. तुम्ही पत्रात दोनच रस्ते लिहिलेत, गप्प बसणं किंवा आईला फोन लावणं, आणि दोन्ही नको वाटतात म्हणून दोन महिने अडकून पडला आहात. मधला रस्ता असा की आधी तिच्याचकडे जायचं, पुढच्या वेळी ती येईल तेव्हा, किंवा खरं तर उद्याच तिला बोलवून घ्या, आणि साधं सांगा की, ‘त्या दिवशी मी तुला शब्द दिला तो घाईत दिला, हे मी एकटीने सांभाळण्यासारखं नाहीये. तुला आधी सांगितल्याशिवाय मी कुणाशी काही बोलणार नाही, पण आपल्याला अजून एक मोठं माणूस यात लागणार आहे, ते कोण हे आपण दोघी मिळून ठरवू.’ ती चिडेल, कदाचित रडेल, एखादा आठवडा तुमच्याकडे बघणारही नाही. चालेल. तुम्ही असं गृहीत धरलंय की तिचा विश्वास त्या गुपितावर उभा आहे. मला तसं वाटत नाही. ती दोन महिने दर आठवड्याला येतेय ती तुम्ही गप्प बसता म्हणून नाही, तुम्ही दचकला नाहीत, ओरडला नाहीत आणि परत बसवून घेतलंत म्हणून. ते तर पुढेही राहणारच आहे की.

आणि एक प्रश्न तुम्ही तिला विचारलाय की नाही हे पत्रात कुठेच नाहीये. माझा अंदाज आहे की नसेल विचारला, बहुतेक जण नाही विचारत. जखमा करून घेणाऱ्या प्रत्येक मुलाला मरायचंच असतं असं नाही, पुष्कळ जण आतला ताण असह्य झाला की तो तेवढ्यापुरता उतरावा म्हणून करतात. पण अशा मुलांना पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हेही तितकंच खरं आहे, त्यामुळे ‘लक्ष वेधायला करतात’ म्हणून सोडून देता येत नाही. म्हणून विचारायचं, सरळ शब्दांत: ‘इतकी दमलीयेस तर जगूच नये, मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो ही भीती जवळजवळ प्रत्येक शिक्षकाला वाटते, आणि आजवरच्या अभ्यासांत तसं काही आढळलेलं नाहीये. उलट कुणीतरी तो शब्द उच्चारला म्हणून मुलं सैल होतात. ‘तसलं काही नाही ना तुझ्या मनात?’ असं विचारू नका, त्यात उत्तर तुम्हीच तिच्या तोंडात घालून ठेवता.

‘नाही, तसं नाही वाटत’ म्हणाली तर घरच्यांना कसं सांगायचं हे ठरवायला दोन-चार दिवस घ्यायला हरकत नाही. ‘हो’ म्हणाली तर पुढे विचारायचं की कधी, कसं, काही ठरवलंय का. ठरवलं असेल तर मग त्या दिवशीचं बाकी सगळं बाजूला. तिला एकटं सोडायचं नाही, वॉशरूमपर्यंतसुद्धा कुणीतरी सोबत, घरच्यांना कॉलेजात बोलवून घ्यायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत पोचवायचं. ससूनला मानसोपचार विभाग आहे, किंवा जवळच्या ज्या हॉस्पिटलात मानसोपचारतज्ज्ञ असतील तिथे. त्या क्षणी काय करावं सुचत नसेल तर १४४१६ लावा, हा टेलि-मानसचा सरकारी नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, २४ तास आहे, मराठीत बोलता येतं. तो फक्त मुलांसाठी आहे असं लोकांना वाटतं. तुम्ही स्वतः फोन करून ‘मी शिक्षिका आहे, समोर अशी मुलगी आहे, काय करू’ असं विचारू शकता. लोक हे करतच नाहीत, कारण मदत मागणं हे आपलं काम नाही असं आपणच ठरवून टाकलेलं असतं.

घरी कोणाला सांगायचं यात तिला मत असू द्या. आईआधी मावशीला, किंवा बाबांना नको पण दादाला चालेल, असं काहीतरी ती सांगेल, तिथून सुरुवात करा. मुलगी सतरा वर्षांची आहे म्हणजे उपचारांसाठी पालक लागणारच, पण बातमी त्यांच्यापर्यंत कुठल्या दाराने जाते हे तिने ठरवलं तरी तिच्या हातात काहीतरी राहतं. सांगताना तिला बाहेर बाकड्यावर बसवून आत ‘पालक सभा’ घेऊ नका, तिला आतच बसू द्या. आणि आईला पहिलं वाक्य ‘तुमची मुलगी हात कापून घेते’ हे नको. ‘ती सध्या खूप त्रासात आहे आणि तिने ते लपवलं नाही, मोठ्या माणसाला सांगितलं’, इथून सुरू करा. आईबाप पहिले घाबरतात आणि घाबरले की ओरडतात, ‘काय कमी केलं आम्ही’ हे वाक्य येणार म्हणजे येणार. ते येऊन जाऊ द्यायचं, त्यावर वाद घालायचा नाही. कधी कधी पालक हे पोलीस केस होईल या धाकानेही दाबून ठेवतात, तर त्यांना हे माहीत असू द्या की २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, तिच्यावर खटला भरून शिक्षा करायची नाही, उलट तिला उपचार मिळवून देणं सरकारवर बंधनकारक आहे. नुसत्या जखमा करून घेणं तर प्रयत्नाच्याही अलीकडचं, त्यापर्यंत न पोचलेलं आहे.

एकाच बाबतीत हा क्रम उलटतो. त्रास घरातूनच होत असेल, म्हणजे घरातलं किंवा ओळखीतलं कुणी लैंगिक अत्याचार करत असेल असं तिच्या बोलण्यातून आलं, तर घरी सांगायच्या आधी थांबायचं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलाबाबत असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, ‘तिची इच्छा नव्हती’ हे कारण चालत नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन तिथे मदत करते. म्हणूनच पुढच्या कुठल्याही मुलाला ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द द्यायचाच नाही, बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगायचं की तू जे सांगशील ते माझ्याकडे राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार करत असेल तर मला मदत घ्यावी लागेल. पोरं हे ऐकून पळून जातील असं वाटतं. नाही जात हो.

अजून दोन-तीन बारक्या गोष्टी. जखमांचे फोटो काढू नका, दर आठवड्याला ‘दाखव बघू’ करू नका, आणि ‘परत करणार नाहीस अशी शपथ घे’ तर अजिबात नको. शपथ मोडली की ती तुमच्याकडे यायची बंद होईल, बाकी काही होणार नाही.

आता तुमचं.

पत्रात तुम्ही लिहिलंय की ‘मला पुरेसं येत नाही म्हणून मी घाबरते’. यातलं ‘म्हणून’ मला पटत नाहीये. मी स्वतः शिक्षकांची अशी ट्रेनिंग्ज घेते त्यामुळे त्या दोन दिवसांत काय होतं हे बऱ्यापैकी माहितीय, पहिल्या दिवशी पीपीटीवर डिप्रेशन, अँग्झायटी, एडीएचडी यांच्या व्याख्या आणि लक्षणं, दुपारी जेवण जरा जड, दुसऱ्या दिवशी एक रोल प्ले ज्यात सगळे हसतात, मग सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. आजारांच्या नावांवर तासन्‌तास जातात आणि मंगळवारी चौथ्या लेक्चरला एखादं पोरगं वर्गातच कोसळलं तर पहिल्या दहा मिनिटांत कुणी काय करायचं यावर शेवटची पंधरा मिनिटं, तीही घाईत, कारण लोकांना गाड्या पकडायच्या असतात. हे ट्रेनिंग वाईट असतं असं नाही, पण त्यातून खरं जे यायला हवं ते फार थोडं आहे आणि ते थोडं असणंच बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली त्यात सगळं मिळून तीनच कामं सांगितलीत: बघा, ऐका, जोडून द्या. बदल टिपायचा, न हटकता ऐकून घ्यायचं, आणि पुढच्या माणसापर्यंत पोचवायचं. उपचार करणं यात नाहीच.

पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा मंडळांची पोरं वारकऱ्यांचे पाय चेपतात, फोडांना मलम लावतात, कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर अ‍ॅम्ब्युलन्स कुठल्या चौकात उभी आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. त्यांच्याकडे कुणी अँजिओप्लास्टी मागत नाही. तुमच्या बाबतीत झालंय असं की मलमाची डबी तुम्हाला दिली, अ‍ॅम्ब्युलन्स कुठे उभी आहे हे कुणी सांगितलंच नाही, कारण बहुतेक ती उभीच केलेली नाहीये. तुमची झोप त्यामुळे उडालीय. दोन महिने एका मुलीचा जीव तुमच्या एकटीच्या डोक्यावर आहे आणि कॉलेजात ते दुसऱ्या कुणाला माहीतही नाही, अशात भली पीएचडी झालेली बाईसुद्धा नीट झोपणार नाही. म्हणून तर अनुभवी काउन्सेलरही आपल्या केसेस नावं न घेता कुणा सीनियरसोबत नियमित बोलून घेतात, त्याला सुपरव्हिजन म्हणतात, आणि शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये नेमकी हीच गोष्ट गाळलेली असते.

आता डिप्लोमा. आवड म्हणून करायचा तर खुशाल करा, पण आधी एक माहीत असू द्या, आपल्याकडे ‘काउन्सेलर’ हा शब्द दारावर लावला तर सहसा कुणी परवानगी विचारत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, त्यासाठी हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष पेशंटसोबत काम करून झालेलं शिक्षण लागतं, आणि वर्षभराच्या ऑनलाइन डिप्लोमाने ती मिळत नाही. अमुक डिप्लोमा करून तुम्ही ‘थेरपिस्ट’ व्हाल असं कोणी जाहिरातीत लिहीत असेल तर तिथूनच परत फिरा. कोर्स घेताना मी तरी तीन गोष्टी विचारीन: प्रत्यक्ष माणसांसोबत किती तास काम करायला मिळणार, ते काम कुणाच्या देखरेखीखाली, आणि शिकवणाऱ्यांपैकी कितीजण स्वतः मुलांसोबत काम करतात. नुसते रेकॉर्डेड व्हिडिओ आणि शेवटी एमसीक्यू असतील तर त्याने तुमची भीती जाणार नाही, उलट वाढेल, कारण मग कॉलेज म्हणेल आता तर मॅडमकडे डिप्लोमा पण आहे. पुण्यात बसून प्रत्यक्ष शिकायचं तर ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी मानसशास्त्राचं काम वर्षानुवर्षं केलेलं आहे, तिथे जाऊन चौकशी करा, घरबसल्या फॉर्म भरण्यापेक्षा ते बरं.

पण मला खरी शंका वेगळीच आहे, ती म्हणजे शिक्षकाला अजून अजून ट्रेनिंग देत राहिलं की पोरांचं भलं होतं का. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला होता, सेहर नावाचा, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. काही शाळांत स्थानिक, साध्या पदवीधर पण पूर्णवेळ नेमलेल्या माणसाने काम केलं, काही शाळांत तेच काम तिथल्याच शिक्षकाला ट्रेनिंग देऊन सोपवलं. पूर्णवेळ माणूस होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधली डिप्रेशनची लक्षणं कमी झाली, दादागिरी कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलं होतं तिथे फारसा काही फरकच पडला नाही. युरोपात १० देशांतल्या १६८ शाळांत असाच एक अभ्यास झाला होता, तिथेही नुसतं शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवून आत्महत्येचे प्रयत्न कमी झाल्याचं दिसलं नाही, थेट मुलांसोबत वर्गात घेतलेल्या कार्यक्रमाने मात्र कमी झाले.

यावरून शिक्षक कुचकामी असतात असा अर्थ काढू नका, मी तर उलटा काढते. जी बाई सकाळी इंटर्नलचे मार्क देते, प्रेझेंटी कमी पडली म्हणून पालकांना बोलवते आणि दुपारी ‘मनातलं बोल’ म्हणते, तिच्याशी पोरगं मोकळं होईल तरी कसं, आणि ती बाई तरी सहा लेक्चरनंतर कान कुठून आणणार. तुमच्याकडे पोरं येतात हा तुमचा स्वभाव, त्यात व्यवस्थेचं काहीच नाही. आणि हो, त्या बिहारच्या प्रयोगात खोलीत बसून केलेलं समुपदेशन हा एक भाग होता फक्त, बाकी शाळाभर चाललेल्या गोष्टी होत्या, नाव न लिहिता तक्रार टाकायची पेटी, भित्तिपत्रक, मुलं आणि शिक्षक मिळून एक समिती. तुमच्या कॉलेजात पहिली पेटी लावली तर पहिल्या दहा चिठ्ठ्यांमध्ये काय निघेल याचा मला अंदाज आहे, चाचणीचे मार्क अख्ख्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात ते बंद करा, आणि हुशार पोरांची वेगळी बॅच करतात ते बंद करा. या दोन गोष्टी बंद करायला कुठलंही सर्टिफिकेट लागत नाही.

आणि इथे तुमच्या हातात एक चांगलं हत्यार आहे जे आधी नव्हतं. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या, शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास, होस्टेल सगळ्यांना लागू, आणि याबाबत कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. त्याच निकालात २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. सूचनांपैकी तुमच्या कामाच्या एवढ्या: १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे मुलांसोबत कामाचं प्रशिक्षण असलेला किमान एक क्वालिफाइड समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमायचा, त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर रेफरलची व्यवस्था करायची. हुशारीवरून बॅचेस शक्यतो पाडायच्या नाहीत, पोरांना चारचौघांत लाज आणायची नाही. टेलि-मानससारखे नंबर वर्गात, होस्टेलात मोठ्या अक्षरांत लावायचे. आणि वर्षातून किमान दोनदा ट्रेनिंग, शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या, सगळ्या स्टाफला.

सगळ्या स्टाफला, हे नीट बघा. म्हणजे तुम्ही एकटीने ट्रेनिंग करून येऊन पाटी लावणं हे त्या सूचनेचं पालन नाहीच आहे. आणि ‘न शिकवणाऱ्या’ हा शब्द मला फार आवडला. कुठलं पोरगं डबा न खाता परत नेतं, कोण सुट्टी झाल्यावर तासभर जिन्यात बसून असतं, कोण दोन महिन्यांत एकदम ढेपाळलंय, हे आपल्या कॉलेजातल्या शिपाई मामांना, लायब्ररीतल्या मॅडमना आणि गेटवरच्या सिक्युरिटीला आपल्याआधी कळतं. होस्टेलच्या मेसवाल्या मावशींना तर सगळंच कळतं. त्यांना पीपीटी नको, फक्त हे सांगा की असं दिसलं तर कुणाला सांगायचं आणि सांगितल्यावर पोरगं तोंडघशी पडणार नाही. एमपीएससीच्या पोरांसाठी अभ्यासिका चालवणारे, सदाशिव पेठ-नवी पेठेत कॉट बेसिसवर पोरं ठेवणारे काका-काकू हे वाचत असतील तर हे तुम्हालाही लागू आहे बरं का, तुमच्याकडे तर पोरगं रात्रीही असतं.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं, त्यात १३ ते १७ वयातल्या शंभरात साधारण सात मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. तुमच्या एका डिव्हिजनला शंभर पोरं धरली आणि अशा चार डिव्हिजन धरल्या तर हिशोब तुम्हीच करा, बीके शिकवता. हे एका बाईने मधल्या सुट्टीत पेलण्याचं काम नाही.

तर प्रिन्सिपल सरांकडे जा, पण तक्रार घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा. एका पानावर लिहा, निकालाचा संदर्भ द्या आणि मागा: आठवड्याला तुमची चार-पाच लेक्चर्स कमी, म्हणजे तो वेळ टाइमटेबलवर दिसेल. क्वालिफाइड माणूस नेमण्याचा प्रस्ताव मॅनेजमेंटकडे, आणि तो येईपर्यंत बाहेरच्या एखाद्या मानसशास्त्रज्ञाशी लेखी व्यवस्था, की कॉलेजची केस आठ दिवसांत बघितली जाईल आणि महिन्यातून एकदा तुमच्यासोबत तासभर बसणं होईल. तुमच्यासोबत दुसरा एक माणूस, शक्यतो एखादे सर, कारण मुलगे मॅडमकडे येत नाहीत आणि त्यांचं काय चाललंय हे मग थेट पेपरात वाचायला मिळतं. आणि संकटाच्या वेळी कोण काय करेल याचा एक कागद, कोण मुलासोबत थांबेल, कोण घरी फोन करेल, गाडी कुणाची, हॉस्पिटल कुठलं. शेवटचा कागद लिहायला अर्धा तास लागतो आणि बहुतेक संस्थांमध्ये तो नसतो. बजेट नाही असं उत्तर आलं तर ‘मग पाटी काढू या’ असं शांतपणे म्हणा, आवाज न चढवता, बघा काय होतं ते. पाटीवर मॅनेजमेंटचा जीव असतो, इन्स्पेक्शनला दाखवायची असते ना.

रजिस्टर. सरांचा हेतू वाईट नसेल, त्यांना काम दिसलं पाहिजे. पण नाव आणि कारण असलेलं रजिस्टर ऑफिसात ठेवलं तर पंधरा दिवसांत ते अख्ख्या स्टाफरूमला पाठ होईल आणि तुमच्या खोलीकडे कुणी फिरकणार नाही. आकडे द्या, किती आले, अकरावीचे किती बारावीचे किती, किती जणांना पुढे पाठवलं. तुमची स्वतःची टिपणं वेगळी, त्यात नावाऐवजी खूण, आणि वहीला कुलूप. एखाद्या मुलाच्या जिवाला धोका असेल तेव्हा मात्र सरांना नावासकट आणि लेखी कळवायचंच, तारीख टाकून, त्यात तुमचंही संरक्षण आहे. या मुलीचं घरी सांगायचं ठरलं की त्याच दिवशी सरांनाही सांगा, तपशील नकोत, एवढंच की एका विद्यार्थिनीला पुढे पाठवलंय आणि पालक सोबत आहेत.

रात्रीचे मेसेज बंद करायचे. स्टेटसवर किंवा ग्रुपवर टाका की संध्याकाळी सातनंतर मी मेसेज बघत नाही, तातडीचं असेल तर १४४१६. पहिल्या आठवड्यात वाईट वाटेल तुम्हाला. पण तुम्ही कधी बघता कधी बघत नाही हे जास्त धोक्याचं आहे, तुम्ही जाग्या असाल या भरवशावर पोरगं थांबून राहतं आणि तुम्ही झोपलेल्या असता. शिवाय तुमच्याही घरात माणसं आहेत, त्यांचा पत्रात एकदाही उल्लेख नाही हे मला जरा खटकलं.

सोडायचं का? मी म्हणेन आत्ता लगेच नको, पण सोडायची मुभा खिशात ठेवून काम करा. सरांना पान द्या, येत्या सत्राच्या शेवटापर्यंतची मुदत मनात धरा. तोपर्यंत लेक्चर्स कमी झाली, बाहेरचा माणूस ठरला, तर राहा, कारण पोरं ज्यांच्याकडे आपणहून जातात अशी माणसं कॉलेजात दोन-तीनच असतात. काहीच हललं नाही तर लेखी नाही म्हणा, कारण त्याच पत्रात लिहा, आणि पोरांना तोंडी सांगा की मी बीकेला आहेच, भेटत राहा, पण या कामासाठी आता अमुककडे जायचं. असं सांगून, पुढचा माणूस दाखवून बाजूला होणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. अचानक खोलीला कुलूप दिसणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं.

ती मुलगी डॉक्टरांकडे जायला लागली की तुमच्याकडे यायची बंद व्हायला नको हेही बघा. ‘आता तुला डॉक्टर आहेत ना’ म्हणून आपण नकळत हात काढून घेतो आणि पोराला वाटतं आपल्याला पुढे ढकललं. आठवड्याला पाच मिनिटं, जिन्यात का होईना, ‘अपॉइंटमेंटला गेलीस का, कसं वाटलं ते डॉक्टर’ एवढं विचारत राहा. डॉक्टर आवडले नाहीत असं म्हणाली तर ते दुसरे शोधून द्यायला आईला मदत करा, पहिल्याच डॉक्टरशी सूर जुळेल असं नसतं आणि तिथेच बरीच घरं ‘बघितलं एकदा जाऊन’ म्हणून थांबतात.

उद्या तिच्याशी बोलून झालं की काय झालं ते मला कळवा. आईला भेटायच्या आधी काय बोलायचं हे ठरवायला मदत हवी असेल तर तसंही लिहा, यावेळी उत्तर सदराच्या दिवसापर्यंत थांबवणार नाही.